विहिणीला चिडवायचा हक्क

अड्यारच्या त्या लग्नाचं मला बोलावणं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ऐकता ऐकता तुम्ही माझ्यासारखे तोंडघशी पडायला नको. मी मात्र नऊवारी नेसून, कानांत हिऱ्याच्या कुड्या घालून, आहेराचा चांदीचा करंडा हातात घेऊन मानाची पाहुणी म्हणून तिथं गेले. गाणारी म्हातारी भाड्यानं आणलेली आहे हे त्या मंडपात ज्याला त्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मला. आणि मला आणणारा कोण, तर माझा पोटचा मुलगा.

सेतुमाधव त्याचं नाव, आम्ही सेतू म्हणतो. अंबत्तूरला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात तो तपासणी खात्यात होता. भाग हातात घ्यायचा, मापात आहे का बघायचं, नसला तर लाल रंग फासून बाजूला टाकायचा, असं त्याचं काम. कॉलेजातून निघाला तो थेट तिथंच चिकटला. इतक्या वर्षांत त्याला तीच सवय लागली होती, घरात माझी इडलीसुद्धा उलटीपालटी करून बघायचा. मग मालकांनी कारखाना उचलून दुसऱ्या राज्यात नेला. याला चल म्हणाले. हा गेला नाही. आईवडिलांना या वयात कोण बघणार, म्हणाला. ऐकून मला केवढं बरं वाटलं होतं. पुढं काय वाढून ठेवलंय याची कुठं कल्पना होती मला.

शनिवार-रविवार कसलासा कोर्स करायला जायला लागला. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरापोरींमध्ये हा अर्धं डोकं पिकलेला. आणि एक दिवस काळी बनियन, टी-शर्ट म्हणतात ती, घालून घरी आला, पाठीवर पिवळ्या अक्षरांत कंपनीचं नाव.

"म्हणजे आता करणार काय तू?" मी विचारलं.

"लग्नं, साठीशांती, कंपन्यांचे समारंभ. हॉल, फुलं, जेवण, लाइट, स्टेज, सगळं आम्ही बघायचं. इव्हेंट मॅनेजमेंट म्हणतात त्याला."

"मंडपवाला म्हण की सरळ."

"आई, मॅनेजमेंट आहे ती."

"मग मॅनेजर डोक्यावरून खुर्च्या का वाहतो?"

त्या कोर्सातला त्याचा एक फोटो बघितला होता मी, म्हणून बोलले. मी तोंडाची फटकळ आहे, माहेरापासूनच. सून बँकेत आहे, तिच्या पगारावर घर चाललं होतं. आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र वर धरलं.

आवडी नावाच्या उपनगरात आम्ही राहतो त्या इमारतीत सगळे संरक्षण खात्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले, आमच्या ह्यांच्या बरोबरीचे. एकाचा मुलगा अमेरिकेत, एकाचा सिंगापूरला. त्या जिन्यावरून माझा मुलगा पाठीवर जाहिरात घेऊन उतरणार, हे मला बघवेना. मी त्याला सांगितलं, त्या काळ्या बनियनवर शर्ट घालत जा. तो मुकाट्यानं घालायचा. बस स्टॉपवर पोचला की काढून पिशवीत कोंबायचा, हे मला पुढं ह्यांच्याकडून कळलं. एकदा जिन्यातच समोरच्या गुंडोरावांनी विचारलं, "काय, सेतू हल्ली कुठं असतो?" मी चटकन म्हणाले, "अंबत्तूरलाच की. आता वरच्या हुद्द्यावर आहे." सेतू तिथंच खाली बसून बुटाची नाडी बांधत होता. त्यानं ऐकलं. मान काही वर केली नाही. मला त्या वेळी वाटलं, बरं झालं, निभावलं.

लग्नसराईचा तमिळ आवणी महिना लागायच्या सुमाराला तो एका संध्याकाळी स्टीलचं ताट घेऊन घरी आला. ताटात हळदकुंकू लावलेली पत्रिका, विड्याची पानं, फळं, छोट्या वाटीत अक्षता.

"अड्यारच्या रंजनीबाईंनी दिलंय. त्यांच्या मुलीचं, सहानाचं लग्न आहे. आपलेच लोक, तंजावरकडचे मराठी. तुझ्या गाण्यांबद्दल त्यांनी ऐकलंय. लग्नातल्या नलंगूला तूच गायला हवंस म्हणाल्या."

आता आमच्याकडची रीत सांगते. लग्नाचं बोलावणं यजमान नवराबायकोनं उंबऱ्यापर्यंत येऊन करायचं. अक्षता हातावर ठेवायच्या आणि तोंडानं या म्हणायचं. ते नसेल तर सख्ख्या चुलत भावाच्या घरच्या लग्नालासुद्धा आम्ही पाय ठेवत नाही. माझ्या एका मामेबहिणीनं पत्रिका टपालानं पाठवली, तर मी गेले नाही, आणि का गेले नाही तेही तिला ऐकवलं.

आमचे हे खुर्चीतून म्हणाले, "बोलवायला कोण आलं होतं?"

"त्यांना वेळ नाही, अप्पा. मी तिथलं काम बघतोय ना, म्हणून माझ्याच हाती दिलं."

"घरातल्यानंच घरातल्यांना अक्षता द्यायच्या? ही कुठली पद्धत?"

"तुम्हाला गायला बोलावलं नाही म्हणून पोटात दुखतंय तुमच्या," मी म्हटलं आणि त्यांना गप्प केलं. माझ्याही मनात पाल चुकचुकली होती, नाही असं नाही. पण अड्यारच्या मोठ्या घरात कुणीतरी माझ्या गाण्याचं नाव काढलं, एवढं ऐकल्यावर मी हरभऱ्याच्या झाडावर चढले होते. माझ्या आईची गाणी ती, आजीची. घरात सुनेला तमिळ येतं, नातीला इंग्रजी. ती गाणी कुणी ऐकायलाच नव्हतं. मी पदर पसरला. सेतूनं अक्षता त्यात टाकल्या आणि खाली वाकून पाया पडला, तो बराच वेळ उठला नाही. मला वाटलं, केवढे संस्कार आहेत पोरावर.

खरं काय होतं ते मला लग्नानंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. त्यांच्या बैठकीत रंजनीबाई म्हणाल्या होत्या, आमच्या घरात जुनी मराठी गाणी येणारं कुणी उरलं नाही, एखादी शोभेलशी म्हातारी बघा. सेतूच्या कंपनीची मालकीण कीर्तना, त्याची धाकटी बहीण शोभेल अशा वयाची पोर, तिनं सेतूला विचारलं, तुमच्या लोकांत कुणी मिळेल का? हा म्हणाला, मिळेल. माझी आई गाते, एवढं म्हणायला त्याची जीभ उचलली नाही. आणि परक्यांच्या लग्नात बिदागी घेऊन मी गाणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिथं त्यानं मला आर्टिस्ट केलं आणि घरी पाहुणी केलं. असलं खोटं हा कुठं शिकला, असं विचारायची सोय मला नव्हती.

लग्नाच्या दिवशी सकाळी गाडी आली. मी मुद्दाम लवकर खाली उतरून फाटकाशी उभी राहिले. गुंडोरावांची बायको भाजी घेऊन येत होती, तिनं काही विचारलं नव्हतं तरी सांगितलं, "अड्यारला लग्न आहे. गाडी पाठवलीय त्यांनी." गाडीत पुढच्या सीटवर मोगऱ्याच्या माळांची टोपली होती आणि मागं माझ्या शेजारी केळीच्या पानांचा गठ्ठा. मला वाटलं, शुभाच्या वस्तूंबरोबर नेतायत.

मंडपाच्या दाराशी गुलाबपाणी शिंपडत होते, चंदन लावत होते. तिथल्या मुलीनं माझं नाव विचारलं आणि मनगटाला हिरव्या कागदाची पट्टी चिकटवली. आजूबाजूच्या बायकांच्या हातांत तसली पट्टी नव्हती. मानाच्या पाहुण्यांना बांधत असतील, असं मी समजले. हसा, हसा. मलाही आता हसू येतं, पण त्याच्या मागोमाग अंगावर काटा येतो.

सेतू काळ्या बनियनमध्ये हातात वॉकीटॉकी घेऊन पळत होता. मला बघितलं तसा आला. "आई, इकडं बस, पंखा आहे." म्हणून त्यानं मला स्टेजच्या पडद्यामागं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. शेजारी तविल नावाचा ढोल वाजवणारा बोटांच्या टोप्या काढून हात पुसत होता. मला राग आला. पाहुण्यांना कुठं बसवावं एवढंही कळत नाही आणि म्हणे मॅनेजमेंट. मी उठले आणि आपली आपण नवरीच्या खोलीत गेले. सहानाच्या हातात करंडा ठेवला. पोरगी गोंधळून माझ्याकडं बघत राहिली, मग म्हणाली, "थँक यू आंटी." तेवढ्यात रंजनीबाई आल्या. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि खूश होऊन इंग्रजीत म्हणाल्या, साडी परफेक्ट आहे, मुहूर्त झाला की स्टेजवर या, पंधरा मिनिटं. यजमानीणबाई अशा बोलतात? पण अड्यारची माणसं, त्यातून मुलीचं लग्न, डोकं ठिकाणावर नसेल, अशी मी माझीच समजूत काढली.

नलंगू म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. मुहूर्त उरकला की नवरानवरीला समोरासमोर बसवतात. ती एकमेकांकडं नारळ लोटतात, पायांना हळद लावतात, डोक्यावर पापड फोडतात. आणि दोन्हीकडच्या बायका गाणी म्हणून समोरच्यांना चिडवतात. मुलीकडच्यांनी विहिणीला चिडवायचं, तिच्या खाण्याला, झोपेला, लाडावलेल्या लेकाला. गाण्यात नावासाठी जागा सोडलेली असते, तिथं विहिणीचं नाव घालायचं. पण हा हक्क नात्यातल्या बाईचा. आत्या, मावशी, आजी. नातं जितकं जवळचं तितकं गाणं झोंबरं, आणि विहिणीनं हसत ऐकून घेऊन तितकंच झोंबरं उत्तर द्यायचं. परकी बाई असं काही बोलली तर तो सरळ अपमान.

मी तर स्वतःला नात्यातलीच समजत होते. त्यांनी अक्षता दिल्या होत्या ना मला.

स्टेजवर बसले. समोर नवऱ्याची आई अलमेलूबाई, कुंभकोणच्या. बसण्याच्या ढबीवरून मी ओळखलं, ही जुन्या वळणाची, आपल्यातली. आधी मी दोन साधी गाणी म्हटली. लोक फोनमध्ये डोकं घालून. मग मला सुरसुरी आली आणि मी चिडवायचं गाणं काढलं.

*विहीणबाई आल्या कुंभकोणाहून,*
*कॉफी प्यायल्या तपेली भरून,*
*अलमेलूबाई, पुरे करा बाई,*
*आमच्या गोठ्यात एकच गाई.*

माणसं वर बघायला लागली. अलमेलूबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या, खांदे हलत होते त्यांचे. मग मी कशाला थांबते.

*लेकाला घातलं तूप नि लोणी,*
*ताट उचलायला शिकवलं ना कोणी,*
*अलमेलूबाई, सांगा की खरं,*
*सून आणली की मोलकरीण बरं?*

मंडप हसला. किती वर्षांनी माझ्या आवाजाला माणसं हसत होती. अलमेलूबाई पदर खोचून पुढं सरकल्या, उत्तराचं गाणं त्यांच्या ओठांवर होतं. आणि रीतीप्रमाणं त्यांनी रंजनीबाईंना विचारलं, "ह्या तुमच्या कोण? आत्या की मावशी?" तेवढं कळलं की त्या नात्यानं हाक मारून मला टोला द्यायचा होता त्यांना.

रंजनीबाई हसत म्हणाल्या, "अय्यो, आमच्या नात्यातल्या नाहीत त्या. इव्हेंटवाल्यांनी आणलेल्या आर्टिस्ट आहेत. छान गातात ना?"

माइक चालूच होता. ते सगळ्या मंडपानं ऐकलं, आणि मीही ऐकलं.

अलमेलूबाईंचं हसू तिथंच थांबलं. "म्हणजे भाड्यानं आणलेल्या बाईकडून तुम्ही मला भर मंडपात नाव घेऊन बोल ऐकवताय?" एवढं म्हणून त्या उठल्या आणि आपल्या खोलीकडं गेल्या. त्यांच्यामागं त्यांच्याकडच्या बायका उठल्या. कुणीतरी घाईघाईनं सनईची रेकॉर्ड लावली. मी हातात माइक घेऊन बसलेली. मनगटावरची हिरवी पट्टी कामावरच्या माणसांची, हे तेव्हा कुठं मला कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणीतरी माझ्या हातातून माइक काढून घेतला.

स्टेजमागच्या खोलीत रंजनीबाई, कीर्तना, सेतू आणि मी. बिचाऱ्या रंजनीबाईंना ती रीत माहीतच नव्हती. गाणी म्हणजे त्यांना कार्यक्रमातला एक नंबर वाटला होता. "नाव घ्यायला हिला सांगितलं कुणी? ते लोक न जेवता निघायच्या गोष्टी करतायत. कुठून आणलीत ही बाई?"

न जेवता वऱ्हाड परत जाणं म्हणजे काय, ते आमच्यात सांगावं लागत नाही. मुलगी जन्मभर ऐकून घेते. कीर्तना हळूच सेतूला म्हणाली, "सर, हे निस्तरा. नाही निस्तरलं तर उद्यापासून येऊ नका." ती हळू बोलली, पण माझे कान अजून शाबूत आहेत.

मी सेतूकडं बघितलं. आता तरी हा म्हणेल, ही माझी आई आहे, चूक माझी. त्यानं माझ्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं आणि म्हणाला, "ओळखीतून मिळाल्या, मॅडम. चूक झाली."

कान उपटून हातात द्यावासा वाटला त्याचा. तोंड उघडलंही होतं मी. पण तेवढ्यात मला आमचा जिना आठवला, आणि नाडी बांधणारी त्याची खाली घातलेली मान आठवली. अंबत्तूरलाच की, वरच्या हुद्द्यावर. माझाच आवाज. मी माझ्या मुलाला भर जिन्यात नाकारलं होतं, त्यानं मला इथं. तो तेव्हा गप्प राहिला होता. मी कुठल्या तोंडानं बोलणार? मी म्हटलं, "मी येते माफी मागायला. चला."

अलमेलूबाई माझ्यापेक्षा चांगल्या दहा वर्षांनी लहान असतील. मी त्यांच्यापुढं हात जोडले. "चुकलं, अम्मा. गाणाऱ्या बाईनं आपली पायरी ओळखायला पाहिजे होती. नाव घ्यायला नको होतं."

त्या माझ्याकडं निरखून बघत राहिल्या. माझी मराठी त्यांच्या कानाला लागली असणार. आवाज मऊ करून म्हणाल्या, "बोली तर आमच्यासारखीच आहे तुमची. घराणं कोणतं? तंजावरात कुठल्या गल्लीतले?"

आमच्या लोकांत हा प्रश्न विचारला की झालं. घराण्याचं नाव सांगायचा अवकाश, माझ्या आजोबांची कुणी चुलत बहीण यांच्या घरात दिलेली निघाली असती. मग त्या उठल्या असत्या, मला आपल्या शेजारी बसवलं असतं, मोलकरणीच्या गाण्यावर दोघी हसलो असतो. गल्लीचं नाव अगदी जिभेवर आलं होतं. पण त्याच्या पुढचा प्रश्न मला ठाऊक होता, मुलं किती, काय करतात. आणि सेतू दारात उभा होता.

"घराणं कसलं, अम्मा," मी म्हटलं. "गाऊन पोट भरणारी माणसं आम्ही."

माझ्या आईनं, आजीनं वर बसून ते ऐकलं असेल तर त्यांनी मला काय म्हटलं असेल, ते मी मनात आणत नाही.

"बरं, जाऊ दे, वय झालंय तुमचं," अलमेलूबाई म्हणाल्या आणि आपल्याकडच्या बाईला सांगून मला एक खण दिला. रंजनीबाईंचा जीव भांड्यात पडला. बाहेर आल्यावर त्या सेतूला म्हणाल्या, "त्यांना जेवून जा म्हणावं. मागं तुमच्या स्टाफचं जेवण आहे ना, तिथं."

मागं म्हणजे स्वयंपाकघराच्या पलीकडं, पत्र्याखाली. लांब टेबल, त्यावर केळीची पानं. लाइटवाले, माळा ओवणाऱ्या बायका, तो तविलवाला, सगळे जेवत होते. सेतू मला तिथं घेऊन आला. इतक्या वेळात पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "आई, चल, घरी सोडतो तुला."

"तुझं काम अर्धं पडलंय. आणि मला भूक लागलीय," मी म्हटलं. खरंच लागली होती. सकाळपासून आवाजासाठी म्हणून पोटात काही घातलं नव्हतं. मी बसले. वाढप्याच्या हातातून सेतूनं बादली घेतली आणि स्वतःच माझ्या पानात भात वाढला, सांबार वाढलं.

तविलवाल्यानं तमिळमध्ये मला विचारलं, "अम्मा, तुम्ही कुठल्या ग्रुपच्या? कुणी आणलं तुम्हाला?"

"यानं आणलं," मी म्हटलं. "हा माझा मुलगा."

चांगलं मोठ्यानं म्हटलं. प्रेमानं म्हटलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. टोचायलाच म्हटलं. वर मान ताठ ठेवून गायले होते आणि खाली येऊन घराणं नाकारलं होतं, ते सगळं पोटात साचलं होतं, ते असं बाहेर पडलं. टेबलावरचे हात थांबले. सेतू त्यांचा साहेब. साहेबानं स्वतःच्या आईला पत्र्याखाली आणून बसवलंय, हे त्यांना एकदम कळलं. माळा ओवणारी एक बाई अर्ध्या जेवणातून उठून उभी राहिली, मला आपली चांगली खुर्ची द्यायला. सेतू बादली धरून तसाच उभा. त्याचा चेहरा बघितला आणि वाटलं, कशाला बोलले मी. पण तोंडातून गेलेलं परत कुठं घेता येतं.

तेवढ्यात त्याच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. कीर्तनाचा आवाज आला, "सेतू सर, रंजनी मॅडम विचारतायत, ती बाई गेली का?"

टेबलावरच्या सगळ्यांनी ऐकलं. सेतूनं बादली खाली ठेवली आणि बटण दाबलं. "नाही. जेवतायत."

"लवकर आटपा. नवऱ्याकडचे गाड्या बघायला मागच्या बाजूनं येतायत. ती तिथं दिसायला नको."

सेतू बटण दाबून उभा राहिला. मी त्याला हातानं खूण केली, नको, नको. उष्टा हात तसाच हलवत होते. त्या यंत्रातलं बोलणं एकट्या कीर्तनाला जात नाही, हे मी सकाळपासून बघत होते. दारावरच्या मुलीला, स्टेजवरच्या पोराला, स्वयंपाकघरात, सगळीकडं एकदम जातं.

"माझी आई आहे ती," सेतू म्हणाला. "तिला मीच खोटं बोलून आणलंय. तिचं जेवण झाल्याशिवाय मी तिला उठवणार नाही."

पलीकडून नुसती खरखर आली, मग तीही थांबली. सेतूनं यंत्र टेबलावर ठेवलं.

आईनं अशा वेळी काय म्हणावं? वेड्या, नोकरी घालवलीस, एवढं तरी म्हणायला हवं होतं. त्याच नोकरीसाठी मी घटकेपूर्वी माझं घराणं पुसून आले होते. सगळं पाण्यात गेलं. आणि मला बरं वाटत होतं. सबंध मंडपात कानाकानांत माझा मुलगा मला आई म्हणाला होता, आणि मुलाच्या पोटावर पाय येत असताना मला आतून इतकं बरं वाटत होतं, की स्टेजवर वाटली नव्हती तेवढी लाज मला त्या बरं वाटण्याची वाटली. त्याच्याकडं वर बघायचा धीर होईना.

"रसम वाढ," मी म्हटलं. त्यानं वाढलं. मी खाली मान घालून जेवत राहिले.